विषयनियामक समिती

मैत्रीपूर्ण कथास्पर्धेत मैत्रीला खरा धोका कथेचा नसतोच. कथा लिहून होईपर्यंत माणसं एकमेकांशी नीट वागतात आणि लिहून झाल्यावर कुणी कुणाची वाचत नाही, त्यामुळे तिथेही शांतताच असते. धोका असतो तो विषय ठरवायच्या बैठकीत. काँग्रेसच्या जुन्या अधिवेशनांत विषयनियामक समिती नावाचा प्रकार असायचा. खुल्या मंडपात काय बोलायचं ते आधी आत बसून, भांडून ठरवायचं, अशी त्यामागची सोय. तरीही १९०७ साली सुरतेला भर मंडपात जोडा उडाला, आणि तो जोडा मराठी घाटाचा होता असं सांगतात. आमच्या बैठकीत अजून जोडा उडालेला नाही. आम्ही चपला जिन्याखाली काढून वर जातो, एवढंच त्याचं कारण.

आम्ही म्हणजे मिरजेतली काही हौशी लिहिणारी माणसं. शनिवारी संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर जमतो. एक डॉक्टर आहेत. (मिरजेत जमलेल्या कुठल्याही घोळक्यात एक डॉक्टर असतोच, नसला तर तो घोळका सांगलीचा समजावा.) एक वकीलसाहेब, संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या बाई, बँकेतून निवृत्त झालेले भाऊ, सतारी बनवणारे चाचा आणि इंजिनीअरिंगला असूनही वाचणारा एक पोरगा. वर्षातून एकदा आपसांत कथास्पर्धा घेतो. शब्दमर्यादा १,५००. परीक्षक सांगलीचे, म्हणजे परके. बक्षिसाचा नियम वकीलसाहेबांनी घातलाय: पहिला येईल त्यानं सगळ्यांना भडंग आणि चहा द्यायचा. बक्षीस घेणाऱ्याच्याच खिशातून गेलं की मत्सर उरत नाही, हा त्यांचा युक्तिवाद. परिणाम असा झाला की सगळ्यांना दुसरं यायचं असतं आणि भाऊ तर उत्तेजनार्थ मिळावं म्हणून जिवाचं रान करतात.

आता विषय. बाहेरच्या माणसाला वाटतं, विषय आधी ठरतो आणि गोष्ट मग लिहिली जाते. हौशी लेखकाला ओळखत नसलेल्यांनीच असं समजावं. हौशी लेखकाकडे एक गोष्ट कायम तयार असते. ती कपाटाच्या खालच्या खणात, विम्याच्या कागदांशेजारी असते. कुठल्यातरी दिवाळी अंकानं ती साभार परत केलेली असते किंवा तेवढेही आभार मानलेले नसतात. घरात उपवर मुलगी आहे हे न सांगता चार लोकांत ‘तुमच्या पाहण्यात कुणी मुलगा आहे का हो’ असं आपलं सहज विचारतात ना, त्याच सहजपणानं आमच्याकडे विषय सुचवले जातात.

डॉक्टरांनी ‘पाऊस’ सुचवला. डॉक्टरांकडे २०१९ च्या महापुरातली गोष्ट आहे. ती त्यांनी आम्हाला तोंडी बऱ्याचदा ऐकवली आहे आणि दरवेळी पाणी फूटभर चढलेलं असतं. सांगलीच्या आयर्विन पुलाशी मोजतात ती कृष्णा वेगळी आणि डॉक्टरांची कृष्णा वेगळी. भाऊंनी ‘प्रामाणिकपणा’ सुचवला. त्यांच्या खणात एका कॅशियरची गोष्ट आहे, ज्याच्याकडे हिशेबात दहा रुपये जास्त निघतात. बाकी सबंध गोष्टीत काही होत नाही, पण भाऊ म्हणतात, बँकेत काम केलेल्या माणसाला ती वाचताना घाम फुटतो. वकीलसाहेबांनी एकदम तीन पर्याय ठेवले: ‘न्याय’, ‘साक्ष’ आणि ‘तारीख’. ही तिन्ही एकाच गोष्टीची नावं आहेत हे आम्ही सगळे जाणतो. बाईंनी ‘आठवण’ म्हटलं. बाईंनी दुष्यंताची अंगठी गिळणाऱ्या माशाच्या तोंडून शाकुंतल लिहून ठेवलंय. पोरगा म्हणाला, ‘माणूस आणि यंत्र.’ त्याच्या गोष्टीत एक यंत्र कविता करायला लागतं आणि त्याचीही कविता साभार परत येते. मला ही कल्पना आवडली होती, पण तसं म्हणणं म्हणजे त्याच्या विषयाला मत देण्यासारखं झालं असतं.

मी सुचवलेला ‘प्रतीक्षा’ हा विषय मात्र पूर्णपणे निःस्वार्थ होता. माझ्याकडे मिरज जंक्शनच्या फलाटावर गाडीची वाट पाहणाऱ्या माणसाची गोष्ट होती, हा केवळ योगायोग. मिरजेला एके काळी तिन्ही रुंदीचे रूळ येऊन मिळायचे: पुण्याकडचा मोठा, बंगळूरकडचा मधला आणि पंढरपूरकडचा अगदी छोटा. माझा नायक त्या छोट्या गाडीची वाट पाहत असतो. गाडी येत नाही. रूळ उखडून झालेत हे त्याला ठाऊक नाही आणि संपादकांना ठाऊक असल्यामुळे त्यांनी ती गोष्ट परत केली होती.

काही विषय आमच्याकडे कायमचे बाद आहेत. ‘आई’ बाद आहे, कारण आईला कमी गुण द्यायची परीक्षकाची छाती होत नाही आणि मग सगळेच पहिले येऊन भडंगाचा खर्च कुणी करायचा हा पेच पडतो. ‘शेजारी’ बाद आहे. तो एकदा ठेवला होता, तेव्हापासून डॉक्टर आणि त्यांच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ लिफ्टमध्ये एकमेकांकडे पाठ करून उभे राहतात. ‘विनोदी कथा’ असा विषय एका वर्षी ठेवून पाहिला, तर त्या वर्षी वाचनाच्या संध्याकाळी इतकं गांभीर्य पसरलं की वाचनालयाच्या शिपायानं वर येऊन ‘कोण गेलं?’ म्हणून विचारलं.

चाचा तसे फार बोलत नाहीत. पण सगळ्यांचं सुचवून झाल्यावर ते म्हणाले, “तार.” एकदम सगळे खुलले. डॉक्टरांच्या पुरात विजेची तार पडलेली आहेच. भाऊंना कॅशियरच्या घरी पोस्टाची तार आणता येणार होती. २०१३ च्या जुलैत ती सेवा बंद झाली तेव्हा भाऊंनी मुद्दाम जाऊन स्वतःलाच एक पाठवली होती, ती त्यांनी खिशातून काढून दाखवली. वकीलसाहेबांच्या शेतजमिनीच्या दाव्यात तारेचं कुंपण होतं. बाई मनातल्या मनात माशाला गळाच्या तारेला लावायला लागल्या होत्या. एवढं एकमत आमच्यात आजवर कधी झालं नव्हतं. नेमकी तीच अडचण झाली. वकीलसाहेबांनी हरकत घेतली की ज्या विषयावर सगळ्यांच्या गोष्टी तयार आहेत तो विषय राहत नाही, तो ठराव होतो. शिवाय कुंपण त्यांच्या गोष्टीत दुसऱ्या पानावरच तुटतं.

अशी कोंडी झाली की मराठी माणूस परदेशी दाखले काढतो. मी काढला.

१८१६ च्या उन्हाळ्यात जिनिव्हाच्या सरोवराकाठी एका बंगल्यात अशीच मंडळी जमली होती. बंगल्याचं नाव व्हिला दिओदाती. बायरन होता, शेली होता, शेलीची होणारी बायको मेरी, तिची सावत्र बहीण क्लेअर आणि बायरननं सोबत आणलेले त्याचे खाजगी डॉक्टर पोलिडोरी. बाहेर भर जूनमध्ये थंडी आणि पाऊस. कारण आदल्या वर्षी इंडोनेशियात तंबोरा फुटला होता.

तंबोरा म्हटल्यावर डुलकी काढणारे चाचा ताठ बसले.

“ज्वालामुखी,” मी खुलासा केला. “त्याची राख आभाळात पसरली आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही.”

“आमचा फुटला तर एवढं होत नाही,” चाचा म्हणाले आणि पुन्हा मागे टेकले.

तर घरात कोंडलेल्या त्या लोकांनी भुताच्या गोष्टींचं एक पुस्तक वाचून काढलं आणि बायरन म्हणाला, आपण प्रत्येकानं भुताची एक गोष्ट लिहू. विषय ठरला. एका वाक्यात. कुणी हरकतीचा मुद्दा काढला नाही, ‘भूत म्हणजे व्यापक अर्थानं का?’ असं विचारलं नाही. मग झालं काय, तर दोघे थोर कवी थोडंसं खरडून कंटाळले. मेरी होती अठरा वर्षांची. तिला रोज सकाळी विचारायचे, ‘सुचली का गोष्ट?’ आणि ती खाली मान घालून ‘नाही’ म्हणायची. १८३१ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत तिनंच हे लिहून ठेवलंय. तिच्या त्या गोष्टीची पुढे कादंबरी झाली आणि १८१८ मध्ये ‘फ्रँकेन्स्टाइन’ म्हणून छापली गेली. पोलिडोरींना मात्र एक कवटीमुखी बाई सुचली होती. किल्लीच्या भोकातून नको ते पाहिलं म्हणून तिचं डोकं तसं झालेलं. एवढं झाल्यावर तिचं पुढे काय करायचं ते त्यांना कळेना.

“डॉक्टर होते का ते?” आमच्या डॉक्टरांनी एव्हाना खुर्ची पुढे ओढली होती. “मग? सोडून दिलं?”

सोडलं नाही, मी सांगितलं. बायरननं अर्धवट टाकलेला तुकडा त्यांनी उचलला आणि त्यावरून रक्तपिपाशाची गोष्ट रचली. आज पडद्यावर जेवढे म्हणून काळ्या झग्यातले उमराव मानेला चावतात, त्यांचा मूळपुरुष तो. फक्त १८१९ मध्ये ती छापून आली ती बायरनच्या नावावर.

“आमच्याकडे पेपर छापताना असंच होतं,” डॉक्टर म्हणाले. “लिहायचं आम्ही, वर नाव विभागप्रमुखांचं.” त्यानंतर बराच वेळ ते पोलिडोरीवर झालेल्या अन्यायाबद्दलच बोलत राहिले, आणि वकीलसाहेबांनी ‘न्याय’ हा विषय पुन्हा एकदा पुढे सरकवून पाहिला.

‘भूत’ हा विषय मात्र बारगळला. गोष्टी रात्री मोठ्यानं वाचायच्या असतात आणि वाचनालयाच्या जिन्यातला दिवा गेलेला आहे.

पोरग्यानं लॉकडाऊनमध्ये ‘डेकॅमेरॉन’ वाचलं होतं. बोकाचिओच्या त्या पुस्तकात १३४८ च्या प्लेगातून पळालेले सात मुली आणि तीन मुलगे फ्लॉरेन्सबाहेर जाऊन राहतात आणि दहा दिवसांत शंभर गोष्टी सांगतात. दर दिवशी एक राजा किंवा राणी नेमायची. बहुतेक दिवशी विषय तिनं ठरवायचा, तो सगळ्यांनी पाळायचा. पहिला आणि नववा दिवस तेवढा मोकळा. “आपणही एक राजा नेमू,” पोरगा म्हणाला, “तो सांगेल तो विषय.” यावर कुणाला आक्षेप नव्हता, प्रत्येक जण नम्रपणे खाली बघत आपलं नाव पुकारलं जाण्याची वाट पाहू लागला. पण पोरग्याचं तोंड थांबेना. त्यानं पुढे सांगितलं की त्या दहांत दिओनेओ नावाचा एक वात्रट आहे. पहिल्या दिवशीच तो सवलत मागून घेतो: मी सगळ्यांच्या शेवटी सांगणार आणि विषय मला लागू नाही. हे ऐकल्याबरोबर राजा व्हायचा विचार सगळ्यांनी सोडून दिला. सगळ्यांनाच दिओनेओ व्हायचं होतं. भाऊ तर म्हणाले की ज्येष्ठ नागरिकांना प्रवासात सवलत असते, तशी विषयातही असायला हरकत नाही.

बाई इतका वेळ परदेश सहन करत होत्या. आता त्या म्हणाल्या, “विषय द्यायचं शास्त्र आपल्याकडे होतं. त्याला समस्यापूर्ती म्हणत.” भोजराजाच्या दरबारातली ती दंतकथा त्यांनी सांगितली. राजानं कवींना श्लोकाचा शेवटचा चरण दिला, आणि त्या चरणात एकही शब्द नव्हता. पायऱ्यांवरून गडगडत जाणाऱ्या घागरीचा नुसता आवाज होता. ठणठणाट. सभेतले पंडित गप्प. कालिदासानं पहिले तीन चरण असे रचले की रामाच्या अभिषेकाचं पाणी आणणाऱ्या तरुणीच्या हातून सोन्याची घागर सुटते, पायऱ्या उतरत जाते आणि तो ठणठणाट अगदी नेमका जागेवर येऊन बसतो. “असा विषय हवा,” बाई म्हणाल्या, “ज्यावर कुणाकडे आधी लिहिलेलं नसेल. घागरीच्या आवाजावर कोण कविता करून ठेवतं?”

हे मला पटलं. फलाटावरच्या माणसाची थोडी काळजी वाटली, पण पटलं.

बाईंना जोर चढला. त्या म्हणाल्या, विषय नको, बंधन ठेवू. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त सातव्या उच्छ्वासात मंत्रगुप्त आपली सगळी कहाणी सांगतो ती ओष्ठ्य वर्ण टाळून. प, फ, ब, भ, म यांतलं एकही अक्षर नाही.

“का?” पोरग्यानं विचारलं.

“त्याचे ओठ दुखत होते.”

“कशानं?”

बाईंनी चष्मा पुसला. “मूळ वाचा,” म्हणाल्या. पोरग्यानं तिथेच फोनवर शोधलं, लाजला आणि मग या सूचनेचा जोरदार पाठीराखा झाला. आम्ही करून पाहिलं. प नाही म्हटल्यावर पाऊस, पूर आणि पंढरपूर गेलं. ब नाही म्हणजे बँक बंद. म नाही, तर माशाच्या तोंडाला कुलूप. मिरज हा शब्ददेखील उच्चारता येईना. सर्वांत मोठी आपत्ती ‘पण’ची होती. पण या शब्दाशिवाय मराठीत चर्चा करता येत नाही, आमची तर सुरूच होत नाही. वकीलसाहेबांनी ‘परंतु’ म्हणून सुटका करून घ्यायचा प्रयत्न केला आणि बाईंनी त्यांना शाळेतल्या आवाजात खाली बसवलं.

मग विषय राहू दे, निदान नावं तरी गुप्त ठेवू, असं कुणीतरी म्हटलं. याला दाखला सज्जड होता. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची गोष्ट पहिली आली. लेखक नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरं उलटी केलेली, आणि हस्ताक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून गोष्ट त्यांच्या पत्नीनं उतरवून दिली होती. आमच्यात हा उपाय चालत नाही. हस्ताक्षर लपेल, माणूस लपत नाही. भाऊ प्रत्येक वाक्यानंतर तीन टिंबं देतात. वकीलसाहेबांची वाक्यं ‘सबब’नं सुरू होतात. डॉक्टरांच्या गोष्टीत कुणालाही ठेच लागली तर कुठल्या हाडाला लागली ते दिलेलं असतं. चाचांची गोष्ट चारच पानांची असते आणि ती सगळ्यांत चांगली असते, त्यामुळे तीही लगेच ओळखू येते.

शेवटी चिठ्ठ्या टाकायच्या ठरल्या. सात वाजले होते, शिपायानं किल्ल्यांचा जुडगा वाजवायला सुरुवात केली होती. प्रत्येकानं एक चिठ्ठी लिहून साखरेच्या रिकाम्या डब्यात टाकली. पोरग्यानं डोळे मिटून एक काढली आणि वाचली:

“गूळ अर्धा किलो, फिनेल, पांढरा दोरा, ज्वारी दळून.”

भाऊंनी सदऱ्याचा खिसा चाचपला. घरून दिलेली यादी डब्यात पडली होती आणि ‘प्रामाणिकपणा’ त्यांच्या खिशातच राहिला होता. त्यांनी चिठ्ठी परत मागितली. वकीलसाहेबांनी ती दिली नाही. काढलेली चिठ्ठी अंतिम, तिच्यावर अपील नाही. बाईंचा चेहरा उजळला होता. “हीच घागर,” त्या म्हणाल्या. खरंच होतं ते. गूळ, फिनेल, दोरा आणि ज्वारी यांवर लिहिलेली गोष्ट महाराष्ट्रातल्या कुठल्याही कपाटात असणं शक्य नव्हतं. चारही वस्तू गोष्टीत आल्या पाहिजेत, एवढी एकच अट घालून ठराव एकमतानं मंजूर झाला. भाऊंनी यादीचा फोटो काढून घेतला, कारण घरी जाताना वाण्याकडे जायचंच होतं.

आम्हाला वाटलं, या वर्षी सगळ्यांना खरोखरच नव्यानं बसून लिहावं लागणार.

गोष्टी आता माझ्याकडे गोळा झाल्या आहेत, परीक्षकांना पाठवण्याआधी पानं मोजायचं काम माझ्याकडे असतं. पानं मोजताना नजर पडतेच. डॉक्टरांच्या गोष्टीत महापूर आलेला आहे आणि गच्चीवर अडकलेलं कुटुंब अर्धा किलो गुळावर दिवस काढतंय. पाणी ओसरल्यावर साहजिकच फिनेल. वकीलसाहेबांचा दावा आता ज्वारीच्या पिकावरून लागलाय आणि कुंपण तुटलंय तिथे पांढरा दोरा बांधलाय, तोच पुढे पुरावा क्रमांक एक म्हणून कोर्टात येतो. भाऊंच्या कॅशियरला यादीतलं सगळं सामान आणून दहा रुपये उरतात. यंत्राला कवितेत फिनेलला यमक मिळत नाही. शाकुंतलातल्या माशाच्या पोटातून अंगठीबरोबर एक दोऱ्याचं रीळ निघतं, ते कण्वाश्रमातलं असल्याचा बाईंनी तळटीप देऊन खुलासा केलाय. चाचांची तीनच पानं आहेत, ती मी अजून उघडलेली नाहीत; सगळं वाचून झाल्यावर चहाबरोबर वाचायची म्हणून ठेवलीत.

माझा नायक अजून फलाटावरच आहे. गूळ आणि ज्वारीचं पीठ त्याच्या पिशवीत आहे, पिशवीचा बंद पांढऱ्या दोऱ्यानं शिवलाय. फिनेल कुठे बसवावं हे काही केल्या सुचेना, शेवटी बाटली त्याच्या हातातच दिली. ही गोष्ट पूर्वी वाचलेले सगळे म्हणायचे की गाडी येणार नाही हे दिसत असताना हा इतका वेळ तिथे करतो काय. आता निदान फलाट पुसून होतो.